एकटीच जाणारेस?

बॅगेचं वजन करायचं तर आधी स्वतःचं करावं लागतं हे मला माहीत नव्हतं. म्हणजे घरातल्या काट्यावर नुसती बॅग ठेवली की आकडाच बॅगेखाली झाकला जातो, त्यामुळे नवरा म्हणाला तू आधी नुसती उभी राहा, मग बॅग घेऊन उभी राहा, आपण वजाबाकी करू. केली वजाबाकी. बॅग 22 किलो 300 ग्रॅम, लिमिट 23, सगळे खूश, आणि दोन मिनिटांत लेकीने उत्साहाच्या भरात अख्खं गणित फोटो काढून फॅमिली ग्रुपवर टाकलं. कोथरूडपासून सदाशिव पेठेपर्यंत, शिवाय नाशिकला, सगळ्यांना माझं वजन कळलं. बॅगेचा आकडा कुणी वाचलाच नाही.

तर मी सत्तेचाळीस वर्षांची बाई, चोवीस वर्षं बँकेत नोकरी करून ती सोडली आणि साठ दिवस युरोपात एकटीने फिरायचं ठरवलं. सुरुवात बर्लिनपासून. ‘एकटीच जाणारेस?’ हे मला पोळीवाल्या मावशींनी विचारलं, सोसायटीच्या वॉचमनकाकांनी विचारलं, दातांच्या डॉक्टरांनी तर तोंडात मशीन घालून विचारलं, म्हणजे उत्तर देता येऊ नये अशी व्यवस्था करून. सदाशिव पेठेतल्या माझ्या मावशीने थेट मुद्द्यालाच हात घातला, ‘भांडण झालंय का?’ नाही गं मावशी. ‘मग?’

या ‘मग?’ला माझ्याकडे उत्तर नव्हतं. व्हिसाच्या फाइलमध्ये मात्र सगळं होतं, रोजच्या रोज कुठे जाणार, कुठे झोपणार, 30,000 युरोचा आरोग्य विमा, तिकिटं, सगळं. चाळिसाव्या रात्री मी कुठल्या गावात असणारे हे वकिलातीला पाठ असेल, मला विचाराल तर बघून सांगावं लागेल.

सासूबाईंचा पहिला हट्ट साजूक तुपाचा. मी नियम वाचला होता, युरोपियन युनियनमध्ये बाहेरच्या देशातून आपल्या सामानात दूध-तूप-मांस नेता येत नाही. फळांनासुद्धा सर्टिफिकेट लागतं, सूट फक्त पाच फळांना, अननस, नारळ, केळं, खजूर आणि ड्युरियन. सासूबाई म्हणाल्या, ‘ड्युरियन म्हणजे काय?’ मी म्हटलं फणसासारखं असतं, त्याहून जास्त वास येतो. ‘ते चालतं आणि आपलं तूप चालत नाही?’ एवढं बोलून त्या आत गेल्या. त्या इतक्या लवकर ऐकतात तेव्हा आमच्या घरात सगळे सावध होतात, पण मी व्हिसाच्या आनंदात होते.

विमान मुंबईहून पहाटे चारला. पुण्याचा माणूस पहाटे चारच्या विमानासाठी आदल्या दिवशी दुपारी चारला निघतो, कारण घाट. घाटात काय होईल ते सांगता येत नाही. काहीच झालं नाही. साडेसात वाजता मी एअरपोर्टच्या दारात उभी, आणि पुढचे साडेआठ तास घाटात ट्रॅफिक नव्हता म्हणून हळहळत बसले.

काउंटरवर बॅग भरली 24 किलो 100. मी म्हटलं शक्यच नाही, घरी वजाबाकी केलीये. ती मुलगी गोड हसली आणि परत तोच आकडा दाखवला. शेवटी दोन पुस्तकं आणि जीन्स काढून पाठीवरच्या सॅकमध्ये कोंबली, जॅकेट अंगावर चढवलं, जूनमध्ये, मुंबईत. पण खरं दुःख उकाड्याचं नव्हतंच. आमचा काटा जर कमी दाखवत असेल तर माझं खरं वजन ग्रुपवर गेलं त्याहूनही जास्त, हा हिशोब मला दोह्यापर्यंत छळत राहिला, आणि दोह्यानंतर बर्लिनपर्यंत.

बर्लिनच्या विमानतळावर उतरताना मात्र जरा आपलंसं वाटलं. हा विमानतळ आधी 2011 ला उघडणार होता, मग 2012 ला, आणि प्रत्यक्षात उघडला ऑक्टोबर 2020 मध्ये. सिंहगड रोडच्या माणसाला असं काही कळलं की बरं वाटतं, उगाच नाही म्हणणार.

तिकीट मशीनमधून काढलं. ए, बी, सी असे तीन झोन, विमानतळ सी मध्ये, तेवढा अभ्यास घरून करून आले होते. स्टेशनवर अडवायला काही नाहीच, ना गेट ना माणूस, सरळ चालत प्लॅटफॉर्मवर. मी तिकीट हातात धरून अभिमानाने उभी, तेवढ्यात नाकात दोन रिंगा, निळे केस अशी एक मुलगी आली, काही न बोलता माझ्या हातातलं तिकीट काढून घेतलं आणि चालायला लागली. माझ्या तोंडातून निघालं, ‘अगं ए!’ बर्लिनमध्ये उच्चारलेले माझे पहिले शब्द हे. तिने खांबाजवळच्या एका छोट्या डब्यात तिकीट घातलं, खट्ट आवाज झाला, परत आणून दिलं. तिथे मशीनचं तिकीट नुसतं काढून भागत नाही, चढायच्या आधी त्यावर शिक्का मारून घ्यायचा असतो, नाहीतर ते तिकीटच नाही आणि दंड 60 युरो, म्हणजे सहा हजार रुपयांच्या आसपास. मी थँक्यू म्हणेपर्यंत पोरगी गायब. तीन स्टेशनं गेली आणि साध्या टीशर्टमधले दोन बाप्ये उठले, खिशातून कार्ड काढून तिकिटं तपासायला लागले. मी माझं तिकीट असं काही पुढे केलं की जणू शिक्क्याची कल्पना माझीच.

खोली घेतली होती नॉयकोल्न भागात, जुनी इमारत, तीही रस्त्याकडची नाही तर चौक ओलांडून मागची. म्हणजे आपल्या वाड्याचा मागचा चौक असतो ना, तस्संच. चौथा मजला, लिफ्ट नाही, 23 किलो. प्रत्येक जिन्यावर मी सासूबाईंनी भरलेल्या एकेका पदार्थाचं नाव घेत होते. मेतकूट. भाजणी. तांदूळ. भाकरवडी.

बॅग उघडली, टॉवेलची घडी सोडली आणि आतून काय निघावं, तर लोखंडी खलबत्ता. छोटाच, पण एक किलो आठशेचा. जोडीला चिठ्ठी, ‘आलं ठेचायला. तिकडे मिळणार नाही.’ खरं सांगते, रागाच्या आधी हायसं वाटलं. काटा बरोबर होता.

त्या संध्याकाळी सहा वाजता खालचं सुपरमार्केट उघडं होतं, मी खिडकीतून बघितलं आणि म्हटलं, आता कोण उतरणार, उद्या सकाळी आणू दूध. उद्या रविवार होता. जर्मनीत रविवारी दुकानं बंद असतात, म्हणजे लक्ष्मी रोड सोमवारी बंद असतो तसं नाही, देशच बंद. रविवार हा विश्रांतीचा दिवस हे त्यांच्या 1919 च्या राज्यघटनेत लिहिलेलं होतं, 1949 ला नवीन घटना केली तेव्हा ते कलम जसंच्या तसं पुढे घेतलं. हे सगळं मी रविवारी सकाळी वाचलं, बंद दारासमोर उभी राहून. मोठ्या स्टेशनांवर काही दुकानं उघडी असतात हेही वाचलं, पण ते संध्याकाळी, मेतकूट भात खाऊन झाल्यावर. बिनतुपाचा मेतकूट भात. त्यावर मी काही बोलत नाही.

पण त्याच्या आधी खिडकी. खोलीत जरा कोंदट वाटलं म्हणून खिडकीचं हँडल फिरवलं, आडवं केलं तर काही होईना, म्हणून अजून वर केलं आणि ओढलं, तर अख्खी खिडकी वरच्या बाजूने माझ्या अंगावर आली. काच, चौकट, सगळं. मी दोन्ही हातांनी ती धरली. डोक्यात एकच, परक्या देशात पहिल्याच दिवशी मी खिडकी उपटली. सोडावी तर पडेल, चौथा मजला, खाली चौकात सायकली. तेवढ्यात फोन वाजायला लागला, गादीवर, तीन हातांवर. पुण्यात साडेतीन तास पुढे, तिथे दुपारचा एक वाजलेला, जेवणाआधी सगळ्यांनी मिळून मला व्हिडिओ कॉल करायचं ठरवलं होतं. फोन वाजून थांबला, परत वाजला, परत थांबला. मी खिडकीला मिठी मारून उभी. दहा मिनिटं तरी. मग हात भरून आले आणि मनात म्हटलं होईल ते होईल, आणि हळूच एक हात सोडला. खिडकी हलली नाही. दुसरा सोडला. तशीच. ती तशीच उघडते. तिकडच्या खिडक्या दोन प्रकारे उघडतात, दारासारख्या पूर्ण नाहीतर वरून जराशा कलून, हवा यावी म्हणून.

फोन बघितला तर अकरा मिस्ड कॉल आणि ग्रुपवर ‘पोलिसांना कळवायचं का’ यावर चर्चा सुरू. मावशीचं मत, कळवायचं. नवऱ्याला खिडकीचं सांगितलं तर तो आधी पोट धरून हसला आणि मग म्हणाला, ‘पण मग एकटी असताना करायचं काय असं काही झालं तर?’ मी म्हटलं धरून ठेवायचं.

सोलो ट्रिप म्हणे. सकाळी उठल्यावर काय खाल्लंस, बाहेर जाताना कुठे चाललीस, आल्यावर पोचलीस का. घरात असताना मला दिवसात इतक्यांदा कुणी काही विचारत नाही हो. संध्याकाळी सासूबाईंचा फोन, देवापाशी दिवा लावलास का? अहो आई, कसा लावू, इथे सूर्य साडेनऊला मावळतो, दिवेलागण कधी धरायची तेच कळेना. अंधार पडल्यावर जेवू म्हणून थांबले तर दहा वाजले, म्हणजे पुण्याचे दीड, आणि ग्रुपवर तरीही तिघं जागे होते.

सोमवारी सकाळी सात वाजता मी सुपरमार्केटच्या दारात पहिली. आधी पाण्याच्या रिकाम्या बाटल्या मशीनमध्ये घातल्या, प्लास्टिकच्या एका बाटलीचे 25 सेंट परत मिळतात, आणि पुणेकर बाईला सकाळी सकाळी रद्दीचे पैसे मिळाल्यावर जो आत्मविश्वास येतो त्याच भरात मी दूध घेतलं. कपाटात आठ-दहा प्रकार. एकावर लिहिलेलं ‘बुटरमिल्श’. मिल्श म्हणजे दूध हे लेकीमुळे माहिती, ती शाळेत जर्मन शिकलीये, बुटर म्हणजे बटर. लोणीयुक्त दूध! चहाला एक नंबर. घेतलं. आलं घेतलं, साखर घेतली.

वर आले, चहाचं आधण ठेवलं, दोन दिवसांनी मिळणारा चहा, आलं-बिलं घालून उकळला आणि त्यात ते ओतलं. फाटला. म्हणजे पाणी वेगळं, चोथा वेगळा. म्हटलं पातेल्याला काही असेल, दुसरं घेतलं, परत केला, परत फाटला. मग कधी नव्हे ती अक्कल आली आणि उरलेलं चमच्याने चाखून बघितलं.

ताक होतं.

मला इतका आनंद झाला की चहा विसरले. ताक! चांगलं घट्ट, आंबटगोड ताक! भाजणी आहे, आलं आहे, जिरं आणि सुक्या मिरच्या डब्यात आहेत, कढी होतीये की. कढीपत्ता नाही, जाऊ दे. आणि दुपारी दीडच्या सुमाराला मी तो एक किलो आठशेचा खलबत्ता फरशीवर मांडला आणि आलं-मिरची-जिरं कुटायला बसले. काय सुंदर आवाज येतो हो लोखंडाचा. ठण् ठण् ठण्.

दारावर टकटक. खालच्या मजल्यावरच्या आजी, ऐंशीच्या असतील, पांढरे आखूड केस, पायात लोकरी चपला. एक लांबलचक शब्द म्हणाल्या. मी हसले. त्यांनी परत तोच शब्द म्हटला, न हसता, आणि मला मनगटाला धरून जिन्यात नेलं. भिंतीवर फ्रेममध्ये लावलेली पाटी. मी फोटो काढून लेकीला पाठवला, ती म्हणाली, ‘आई, इमारतीचे नियम आहेत ते, रात्री दहा ते सहा शांतता, रविवारी पूर्ण दिवस शांतता, आणि रोज दुपारी 1 ते 3 शांतता. तू काय करतीयेस?’ कढी.

आता काय बोलणार. मी आत गेले, एका मगमध्ये कढी ओतली, आणून त्यांच्या हातात दिली. त्यांनी वास घेतला. माझ्याकडे बघितलं. मग घेतला मग, आणि जाता जाता पाटीवरच्या 13 ते 15 वर बोटाने दोनदा टकटक केलं.

ग्रुपवर हे सगळं टाकल्यावर मावशीचा पहिल्यांदाच त्या बाईच्या बाजूने मेसेज आला, ‘दोनच तास झोपतात होय? मग चिडणारच. आमच्याकडे 1 ते 4 आहे.’

मंगळवारी सकाळी दार उघडलं तर उंबऱ्यात माझा मग. लख्ख घासलेला. सासूबाईंना फोनवर सांगितलं तर त्यांचा पहिला प्रश्न, ‘रिकामा नाही ना परत दिला त्यांनी?’

नाही हो आई. आत नियमांची झेरॉक्स होती. 13 ते 15 खाली रेघ मारलेली.