देव शब्दाचा सातबारा कुणाच्या नावावर?

शाळेच्या ग्रुपवर आठवडाभर एकच दळण चालू आहे. वसईच्या ख्रिश्चनांनी चर्चमधल्या मराठी प्रार्थनेत देव, प्रभू, परमेश्वर असले शब्द वापरू नयेत, ते "आपले" आहेत, भोळ्या लोकांना फसवायला घेतलेत, सरकारने बंदीच घालावी वगैरे. लिहिणारे सगळे शिकलेसवरलेले, दोघं तर बँकेतून व्हीआरएस घेऊन निवांत बसलेत. मी क्वालालंपुरात बसून वाचतो आणि डोकं फिरतं, कारण ही असली बंदी इथे होऊन गेलीये बाबांनो.

१९८६ ला इथल्या, म्हणजे मलेशियाच्या, गृह खात्याने हुकूम काढला की ख्रिश्चनांच्या छापील साहित्यात चार शब्द नकोत, त्यातला एक अल्ला. आता सबाह-सरावाक या इथल्या दोन राज्यांतले कितीतरी ख्रिश्चन मलाय भाषेतच प्रार्थना करतात आणि पिढ्यानपिढ्या अल्लाच म्हणतात, १६२९ साली छापलेल्या मलाय शुभवर्तमानातही तोच शब्द आहे. कॅथलिकांचं हेराल्ड साप्ताहिक कोर्टात गेलं, २००९ च्या शेवटच्या दिवशी जिंकलं आणि पुढच्या आठ-दहा दिवसांत चर्चवर पेट्रोल बॉम्ब पडले. २०१३ ला अपील कोर्टाने निकाल फिरवला. तिकडे सरावाकच्या एका बाईंच्या आठ सीडी २००८ मध्ये विमानतळावर जप्त झालेल्या, नावात अल्ला आहे म्हणून, ती केस त्या २०२१ ला जिंकल्या आणि सरकारने अपील मागे घेतलं २०२३ ला. आठ सीडी! तोवर सीडी प्लेयर भंगारात गेले.

आणि मजा बघा, इथल्या मलाय माणसाचा स्वर्ग म्हणजे शुर्गा, नरक म्हणजे नराका, रोजा म्हणजे पुआसा, आपला उपवासच तो. नमाजाला सेंबाह्यांग म्हणतात, त्यातला ह्यांग तर इस्लामच्या आधीच्या दैवतांचा. त्याबद्दल कुणी रॉयल्टी मागितल्याचं मी तरी ऐकलं नाही. आपल्याकडे फादर स्टीफन्स या इंग्रज पाद्र्याने ख्रिस्तपुराण मराठी ओव्यांत रचलं, छापलं १६१६ ला, त्यात स्वर्गाला सरळ वैकुंठ म्हटलंय. गोव्यातला कॅथलिक माणूस आजही आभार मानताना "देव बरें करूं" म्हणतो. आता चारशे वर्षांनी त्याच्याकडे भाडं मागायला जाणार का?

हे सगळं लिहिलं तर उत्तर काय, "तू तिकडे बसून आम्हाला शिकवू नकोस." वा! गावच्या देवळाच्या जीर्णोद्धाराची वर्गणी मागताना बरा मी इकडचाच असतो, तेव्हा रिंगिटचा रेटसुद्धा यांना तोंडपाठ. इथे निदान माणसं कोर्टात तरी गेली, आपल्याकडे फॉरवर्ड करून झोपतात. (पेट्रोल बॉम्बचं मी वर सांगितलंच आहे, ते उगाच काढू नका.)

पण एक आहे. थायपुसम या तमिळ सणाच्या सुट्टीनंतर ऑफिसातल्या एकाने तापाव (जेवणाचं पार्सल) उघडता उघडता विचारलं, बातू केव्ह्जचा तो सोनेरी बेचाळीस मीटरचा देवा तुमचाच ना? म्हणजे तिथल्या गुहांतल्या देवळांपुढचा मुरुगनचा पुतळा. मलायमध्ये देवा म्हणजे पुराणातला, अनेकांतला एक. सगळ्यांच्या वरचा तो तुहान. तो चांगल्या मनानेच विचारत होता, पण मला ते लागलं. नंतर लेकीने शाळेच्या मलाय निबंधात विठोबाबद्दल लिहिलं "देवा", तर मी म्हटलं खोड ते, तुहान लिही. ती म्हणे का, आजी तर फोनवर देवा विठ्ठला असंच म्हणते. म्हटलं आजीचं वेगळं. कसं वेगळं ते काही मला सांगता येईना, शेवटी आवाज चढवला आणि तिने मुकाट्याने खोडलं. म्हणजे आमच्या विठोबाला इथे कमी दर्जाचा शब्द नको, आणि वरचा शब्द दुसऱ्यांचा असला तरी हवा. हे ग्रुपवर टाकणार नाही, तिथे स्क्रीनशॉट काढायला टपलेलेच आहेत.