गंजलेली पेट्रोल टाकी ‘दोनशे रुपयांत नवी’ करण्याच्या संदेशाचा प्रतिवाद

मारुती ८०० किंवा पद्मिनीसारख्या जुन्या गाडीची गंजलेली पेट्रोल टाकी दोनशे रुपयांत घरच्या घरी नवी करता येते, असा दावा करणारा एक संदेश व्हॉट्सॲपवर फिरतो आहे. टाकीत कोला किंवा संडास धुण्याचे ॲसिड ओतून, मूठभर नट टाकून ती खडखडवावी आणि पाण्याने धुवावी. भोक दिसल्यास एम-सील लावावे. गंजलेला पाइप कापून तिथे रबरी नळी जोडावी. उरलासुरला गंज फिल्टर अडवेल. आणि या साऱ्याचे मूळ इथेनॉल आहे, असे त्यात म्हटले आहे. यातला एकही मुद्दा निखळ खोटा नाही आणि म्हणूनच माणसे फसतात.

आधी ॲसिडचे पाहू. टाकीचा पत्रा जेमतेम एक मिलिमीटर जाडीचा असतो आणि गंज म्हणजे त्याच पत्र्यातून खर्ची पडलेले लोखंड होय. त्यामुळे गंज काढण्यापूर्वी खाली पत्रा किती शिल्लक आहे, हे पाहणे भाग आहे. टाकी उतरवून, रिकामी करून तिच्या तळाच्या कडा आणि टाकी धरणाऱ्या पट्ट्याखालची जागा लाकडी दांड्याने दाबून पाहावी. पत्रा आत दबत असेल, तर पुढचे सारे उपाय व्यर्थ आहेत. कोलात फॉस्फोरिक आम्ल असते हे खरे, पण ते फारच थोडे. त्यासोबत येणारी साखर मात्र सुमारे ३० लिटरच्या टाकीच्या कानाकोपऱ्यांतून धुऊन काढणे महाकठीण आहे. संडासाच्या ॲसिडची तऱ्हा उलटी आहे. ते गंज झपाट्याने खाते, परंतु गंजाबरोबर जुन्या टाक्यांच्या आतला शिसे-कथलाचा संरक्षक थरही खाते, आणि सांध्यांत अडकलेले ॲसिडातले क्लोराइड निघाले नाही, तर पाण्याने धुतलेली टाकी वाळता वाळताच पुन्हा तांबूस दिसू लागते. नटांचे म्हणाल, तर पेट्रोल हिंदकळू नये म्हणून टाकीत आडवे पडदे असतात. एखादा नट त्यांच्यामागे अडकला की तो काढण्यासाठी तासन्‌तास टाकी उलटीपालटी करावी लागते.

पत्रा शाबूत असेल, तर सायट्रिक ॲसिडचे सौम्य द्रावण हा अधिक शहाणपणाचा मार्ग आहे. फ्लोट (पेट्रोलची पातळी दाखवणारा तरंगता भाग) आणि टाकीच्या आत असल्यास पंप आधी बाहेर काढावेत, टाकीत द्रावण भरून ते एक-दोन दिवसांनी ओतून द्यावे, खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने आम्लाचा अंश घालवावा, टाकी लगेच गार हवेच्या झोताने वाळवावी आणि वेळ न दवडता पेट्रोलने भरावी. संदेशात वाळवण्याविषयी अवाक्षर नाही.

भोकांच्या बाबतीत तर हा संदेश धोकादायक आहे. रस्त्यात टाकी ठिबकू लागली, तर कपड्यांच्या साबणाची वडी चोळून घरापर्यंत पोहोचता येते, कारण साबण पेट्रोलमध्ये विरघळत नाही. एम-सीलची योग्यताही साधारण तेवढीच आहे. एका भोकाभोवतीचा पत्रा बहुधा सगळीकडेच पातळ झालेला असतो, म्हणून पुढचे भोक लेपाच्या कडेलाच पडते. मग कोणीतरी ‘वेल्डिंग मारून घ्या’ म्हणतो. पेट्रोलची वाफ हवेत साधारण १.४ ते ७.६ टक्के असताना पेट घेते. काठोकाठ भरलेल्या टाकीत वाफेला जागा जवळजवळ नसते, ‘रिकाम्या’ टाकीत मात्र नेमके हे प्रमाण जुळून येऊ शकते. टाकीला ज्योत लावणे हे घरचे कामच नव्हे. रेडिएटर दुरुस्त करणारे अनुभवी कारागीर टाकी धुऊन, आतली वाफ पूर्ण घालवून डाख देतात, म्हणजे वितळलेल्या कथलाने भोक बुजवतात. तेही एखाद-दुसरे भोक असेल तरच. याहून अधिक भोके असतील, तर दुसरी टाकी शोधावी.

पाइपाबद्दलचा सल्ला अर्धवट आहे. कार्बोरेटरच्या गाडीत पंपाचा दाब पाव बारच्या आसपास असतो, तर एमपीएफआय (कार्बोरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल फवारणाऱ्या) गाडीत तो सुमारे ३ बार, म्हणजे दहापटीहून अधिक. पहिल्या गाडीत चालून जाणारी साधी नळी दुसरीत फुटू शकते आणि तापलेल्या एक्झॉस्टजवळ पेट्रोलचा फवारा उडू शकतो. कापलेल्या पाइपाच्या टोकाला उभारी (फुगीर कडा) नसेल, तर क्लॅम्प कितीही आवळला तरी नळी सुटते. तांब्याची नळी वळवायला सोपी असली तरी ती हादऱ्यांनी कडक होऊन तडकते, शिवाय तांब्यामुळे पेट्रोलमध्ये चिकट साका लवकर धरतो. पाइप गाडीखाली जिथे क्लिपांत बसतो आणि चिखल साठतो, तिथेच तो आधी सडतो. म्हणून तुकडा न बदलता पोलादी पाइप सलग बदलणे योग्य.

फिल्टरविषयी थोडक्यात एवढेच, की एमपीएफआय गाडीत पंप सहसा टाकीच्या आत आणि मुख्य फिल्टर त्याच्यानंतर असतो. पंपाला वाचवायला त्याच्या तोंडावरची जाळी तेवढी असते, म्हणून टाकीतला गंज फिल्टरआधी पंपालाच गाठतो.

राहिले इथेनॉल. ते पाणी ओढते, जुनी रबरे फुगवते आणि पाण्याचे प्रमाण वाढल्यास पाण्यासह तळाशी वेगळे होते, हे मान्यच आहे. पण आपल्याकडे ५ टक्के मिश्रणाची सुरुवात २००३ सालची आणि २० टक्क्यांचा टप्पा २०२५ चा. टाक्या तर त्याआधीही गंजत होत्या. मुंबई-पुण्यात मागाहून सीएनजी किट बसवलेल्या गाड्यांकडे पाहावे. गाडी गॅसवर धावते म्हणून टाकीत दोन-तीन लिटर पेट्रोल महिनोन्‌महिने पडून राहते, वरच्या मोकळ्या पत्र्यावर दमट हवेतले पाणी धरते आणि ओघळून तळाशी साचते. अशा गाडीत टाकी निम्म्याहून अधिक भरलेली ठेवावी आणि महिन्यातून काही दिवस गाडी पेट्रोलवर चालवावी. पावसाचे पाणी आत येण्याची सर्वांत सोपी वाट म्हणजे टाकीच्या झाकणाचे कडक झालेले रबरी वॉशर. ते जूनपूर्वी बदलून घ्यावे.