'हितोरी मुसुको' प्रेरणापट नाही

"विधवा आईने रेशीम गिरणीत राबून मुलाला शिकवलं, तो टोकियोत मोठा माणूस झाला, आई समाधानाने घरी परतली. प्रत्येक मुलाला दाखवावा असा जपानी मूकपट." दिग्दर्शक यासुजिरो ओझूंच्या १९३६ च्या 'हितोरी मुसुको' (एकुलता एक मुलगा) बद्दलचा हा मजकूर सगळीकडे फिरतोय. माझ्या बहिणीने तो दहावीतल्या लेकाला पाठवला, "बघ, आईचे कष्ट असे फेडायचे" म्हणून. आता गप्प बसवत नाही.

मूकपट? हा ओझूंचा पहिला बोलपट. त्यांचे जुने छायाचित्रकार हिदेओ मोहारा यांची ध्वनियंत्रणा तयार होईपर्यंत ते थांबले होते.

मोठा माणूस? मुलगा र्‍योसुके रात्रशाळेत भूमिती शिकवतो आणि शहराच्या कडेला, कचरा जाळायच्या भट्ट्यांच्या बाजूला राहतो. आईला टोकियो दाखवायला तो सहकाऱ्यांकडून उसने पैसे घेतो. ते संपल्यावर बायको स्वतःचा किमोनो विकते. मुलाला पुढे शिकवाच म्हणणारे मास्तर (अभिनेते चिशू र्‍यू) तेही टोकियोत आले आणि आता डुकराच्या मांसाचे कटलेट तळून विकतात. दोघांतला एकही आळशी नाही. काळ मंदीचा आहे, शिकलेल्यांनाही नोकऱ्या नाहीत.

आणि कष्ट फेडणं! एका रात्री आईच्या तोंडून निघतं: घर गेलं, तुतीची शेतं गेली, ती गिरणीच्याच खोलीत राहते. मुलाला यातलं काही माहीत नसतं. पलीकडे सून रडत असते. मग पडद्यावर फक्त खोलीचा रिकामा कोपरा, जवळजवळ मिनिटभर. या ओझ्याचा दाखला देऊन पोराला अभ्यासाला बसवायचं? चित्रपट सुरूच होतो लेखक र्‍युनोसुके अकुतागावा यांच्या वाक्याने: आयुष्याच्या शोकांतिकेचा पहिला अंक आईबाप आणि मूल होण्यातच सुरू होतो. पहिल्या मिनिटाला पडद्यावर येतं हे. मजकूर लिहिणाऱ्याने तेवढंही पाहिलेलं नाही.

आईला अभिमान वाटतो, एवढं मात्र खरं. पण कशाचा? घोड्याची लाथ बसलेल्या शेजारच्या पोरासाठी र्‍योसुके किमोनोचे पैसे त्याच्या आईच्या हातात ठेवतो, त्याचा. नोकरीचा नाही.

आणि ते 'समाधानाने'. गिरणीत फरशी पुसताना ती सोबतिणीला सांगते, मुलगा फार मोठा झालाय. मग बादली घेऊन एकटीच मागच्या अंगणात जाते, खाली बसते. आई झालेल्या अभिनेत्री चोको ईदांचा चेहरा तिथे हळूहळू उतरत जातो, मान खाली जाते. त्यानंतर गिरणीचं बंद लाकडी फाटक दिसतं.