विळ्यावरचा तो लाल थर गंज नव्हे

नमस्कार. बोर्डो मिश्रणात, म्हणजे मोरचूद (कॉपर सल्फेट) आणि चुन्याच्या बुरशीनाशक फवाऱ्यात, मोकळं तांबं उरलंय का हे विळा बुडवून पाहावं, लाल थर आला तर उरलंय, असं मी लिहिलं, त्यावर तुम्ही म्हणता की विळ्यावर येतो तो नुसता गंज, स्टीलच्या सुरीवर तर काहीच उमटलं नाही, आणि लिटमस कागद मिळत असताना ही जुनी चाल हवी कशाला?

सुरीबाबत चूक माझी. मी ‘लोखंडी पातं’ एवढंच लिहिलं. स्टेनलेस स्टीलवर क्रोमियममुळे ऑक्साइडचा पातळ, घट्ट थर असतो, त्यामुळे आतलं लोखंड मोरचुदाच्या पाण्याला भिडतच नाही. सुरी कोरी निघाली म्हणून मिश्रण जमलं असं कृपा करून समजू नका. साधा विळा घ्या आणि पॉलिश पेपरने लख्ख घासा.

गंजाचं मात्र मला पटत नाही. गंज चढायला तास जातात, हा थर मिनिटभरात येतो. तोच घासलेला विळा तेवढाच वेळ साध्या पाण्यात धरून बघा, काही येणार नाही. लोखंड तांब्यापेक्षा जास्त क्रियाशील आहे. त्याचा अणू दोन इलेक्ट्रॉन सोडून द्रावणात उतरतो, तेच दोन इलेक्ट्रॉन घेऊन द्रावणातलं तांबं धातूच्या रूपात पात्यावर बसतं. 56 ग्रॅम लोखंड गेलं की सुमारे 63.5 ग्रॅम तांबं बसतं. शाळेत मोरचुदाच्या निळ्या पाण्यात खिळा टाकायचो, तीच ही विस्थापन अभिक्रिया. उलट, हिराकसाच्या (फेरस सल्फेटच्या) पाण्यात तांब्याची तार कितीही ठेवा, तिच्यावर लोखंड चढत नाही.

लिटमस जरूर वापरा. पण तो आम्ल की अल्क एवढंच सांगतो. पानं करपवतं ते विरघळलेलं मोकळं तांबं, आणि विळा नेमकं तेच शोधतो. चुना पुरेसा पडला की तांबं न विरघळणाऱ्या निळ्या साक्यात बांधलं जातं, विळ्याच्या हाती लागत नाही. 1 टक्का मिश्रणाला 1 किलो मोरचूद, 1 किलो कळीचा चुना, 100 लिटर पाणी हे प्रमाण बरोबरच आहे. पण चुना हवा लागून मेलेला असेल तर किलोभर पुरत नाही, आणि पावसाच्या तोंडावर सुपारीला कोळेरोगाची (फळं कुजण्याच्या रोगाची) फवारणी करताना हे कळायलाच हवं. लाल थर दिसला तर चुन्याचं पाणी थोडं थोडं वाढवा, विळा घासून पुन्हा बुडवा.

आणखी एक. मोरचूद तुम्ही पत्र्याच्या बादलीत भिजवता असं लिहिलं आहे. त्या पत्र्यावर जस्ताचा मुलामा असतो आणि जस्त लोखंडाहूनही क्रियाशील. तुमचं तांबं बादलीवरच बसतंय, आधी प्लॅस्टिकचा ड्रम घ्या.