जुन्या चिन्हाला कल्हई कशी करावी

फॅसिस्ट काळातलं बदनाम चिन्ह पुन्हा चारचौघांत मिरवायचं, तर सगळ्यात आधी त्याची निवड. नवशिके देशभक्त इथंच मार खातात, कारण ते थेट नाझींच्या कपाटात हात घालतात. १२ जून २०१५ रोजी क्रोएशियातल्या स्प्लिट शहरात इटलीविरुद्ध युरो पात्रता सामना होता. कुणा उत्साही मंडळींनी गवतावर आधीच रसायन मारून ठेवलं होतं आणि टीव्हीवर हिटलरचं वाकडं चिन्ह स्वच्छ दिसलं. युरोपच्या फुटबॉल संघटनेनं, युएफानं, संघाचा एक गुण कापला, एक लाख युरो दंड लावला, वर दोन सामने रिकाम्या मैदानात खेळायला लावले. ‘भारतात हे घरोघरी काढतात’ हा बचाव करता आला असता म्हणा, पण साताऱ्यातला उंबरा आणि स्प्लिटचं मैदान यांतला फरक फुटबॉलवाल्यांनाही कळतो. इतक्या उघड्या मालाला कल्हई बसत नाही.

माल असा घ्या की ज्यात निम्मं तरी खरं असेल. धडधडीत खोटं दोन दिवसांत उघडं पडतं, अर्धवट खरं मात्र पिढ्यान्‌पिढ्या चालतं. या कामात क्रोएशियाच्या उजव्या मंडळींचा हात धरणारं कुणी नाही, तेव्हा धडे त्यांच्याकडूनच घेऊ.

त्यांचा हुकमी एक्का म्हणजे ‘झा दोम, स्प्रेम्नी!’ एकानं ओरडायचं ‘मायघरासाठी’, बाकीच्यांनी ‘सज्ज!’ ऐकायला किती सालस! ६ एप्रिल १९४१ ला हिटलरच्या फौजा युगोस्लाव्हियात घुसल्या, १० तारखेला झाग्रेबमध्ये ‘स्वतंत्र क्रोएशिया’ जाहीर झाला, आन्टे पावेलिचच्या उस्ताशांच्या, म्हणजे तिथल्या फॅसिस्टांच्या, हाती गेला, आणि हीच आरोळी त्या राज्याचं अधिकृत अभिवादन बनली. ३० एप्रिलला वंशशुद्धीचे कायदे आले. राज्याचं वय तेव्हा तीन आठवडेसुद्धा नव्हतं. ऑगस्टपासून यासेनोवात्सची छावणी सुरू झाली. तिथल्या स्मारकाच्या यादीत ८३,१४५ नावं आहेत. सर्वाधिक सर्ब, मग रोमा, मग ज्यू, आणि उस्ताशांना नको असलेले चार हजारांवर क्रोएटसुद्धा.

तुमचं कौशल्य ही मधली चार वर्षं झाकण्यात. त्यासाठी दोन थर लागतात, एक त्याआधीचा आणि एक नंतरचा.

आधीच्या थराला कला उत्तम. इव्हान झायत्स यांचा १८७६ चा ऑपेरा आहे. १५६६ मध्ये सिगेतच्या किल्ल्यात तुर्कांशी लढता लढता पडलेल्या निकोला झ्रिन्स्कीवरचा. त्यातल्या शेवटच्या रणगीतात ‘झा दोम’ हे शब्द येतात. झालं की काम! पुढचा ‘सज्ज’ त्या गीतात नाही, पण विचारणाऱ्यानं ऑपेरा ऐकलेला नसतो आणि तुम्हीही ऐकलेला नसतो, तेव्हा हिशेब बरोबरीत सुटतो.

नंतरचा थर त्याहून पक्का, कारण तो खऱ्या रक्ताचा आहे. १९९१ मध्ये युगोस्लाव्हियातून फुटताना झालेल्या युद्धात ‘एचओएस’ नावाची स्वयंसेवकांची फौज उभी राहिली. काळे गणवेश, बिल्ल्यावर तीच आरोळी. त्यातली तरुण पोरं खरोखर आपली गावं वाचवताना मेली. आता आरोळीला आक्षेप घेणारा माणूस आपोआप हुतात्म्यांचा अपमान करणारा ठरतो. तुम्हाला तोंडही उघडावं लागत नाही.

मात्र नावं ठेवताना डोकं ठिकाणावर असू द्या. याच फौजेच्या एका बटालियनला राफाएल बोबानचं नाव दिलं गेलं. हा बोबान ऑपेरातला गायक नव्हता, उस्ताशांच्या ‘काळ्या सैन्या’चा सेनानी होता. ऑपेराचा अख्खा थर एका नावानं खरवडून निघतो तो असा.

जागेचंही तेच. २०१६ च्या नोव्हेंबरात एचओएसच्या ११ मृत सैनिकांची पाटी आरोळीसकट लावली गेली, तीही यासेनोवात्स गावात, छावणीच्या जागेजवळ. ते सैनिक तिथं मेले होते हे खरं, पण भूगोल फारच बोलका होता. वर्षभर ओरड झाली आणि सप्टेंबर २०१७ मध्ये पाटी जवळच्या नोव्स्काला गेली. फोडली नाही, पुसली नाही, फक्त हलवली. यातून शिकण्यासारखं खूप आहे.

बुजऱ्या स्वभावाच्या लोकांसाठी राजचिन्हाची सोय आहे. क्रोएशियाच्या ढालीवर २५ चौकोन असतात, १३ लाल आणि १२ पांढरे, कोपऱ्यातला पहिला लाल. पहिला पांढरा केला की पावेलिचच्या राज्याची ढाल तयार. जुन्या काळी दोन्ही प्रकार चालत होते, त्यामुळे तुम्हाला कुणी धरू शकत नाही. चिन्हाची खरी परीक्षा हीच: गर्दीला कळलं पाहिजे आणि न्यायाधीशाला कळता कामा नये.

फुटबॉलपटू योसिप शिमुनिचची इथंच गफलत झाली. नोव्हेंबर २०१३ मध्ये आइसलँडला हरवून विश्वचषकाचं तिकीट मिळालं, गड्यानं माइक घेतला आणि आरोळी ठोकली. अख्ख्या स्टेडियमनं ‘सज्ज’ म्हणून साथ दिली. हे देशप्रेम आहे असं तो सांगत राहिला, पण फिफानं दहा सामन्यांची बंदी घातली, विश्वचषक हुकला, आणि २०१९ मध्ये युरोपच्या मानवाधिकार न्यायालयानंही दाद दिली नाही. माइक हा वाईट. गर्दीतून ओरडावं.

सरकारचं भय बाळगू नका. सरकारं समिती नेमतात. २०१८ मध्ये तिथल्या समितीनं निकाल दिला की आरोळी राज्यघटनेच्या विरोधात आहे, पण एचओएसच्या मृतांच्या स्मरणप्रसंगी अपवाद करता येईल. कल्हईवाल्याला एवढी फट पुरे. ५ जुलै २०२५ ला झाग्रेबच्या घोडमैदानावर देशभक्तीपर गाणी गाणाऱ्या मार्को पेर्कोविच थॉम्पसनच्या मैफलीला लाखोंची गर्दी झाली आणि त्या गर्दीनं ‘सज्ज’ म्हणायला कुठल्या समितीची वाट पाहिली नाही.

एवढा खटाटोप कशासाठी, नुसतं ‘क्रोएशिया झिंदाबाद’ म्हटलं तर काय बिघडलं? बिघडतं. नव्या राष्ट्राला आजोबा लागतात, आणि विसाव्या शतकात स्वतंत्र म्हणवणारे आजोबा एकच सापडले, ते नेमके खुनी निघाले. स्वतंत्र क्रोएशियाचे पहिले अध्यक्ष फ्रान्यो तुजमान १९९० मध्येच म्हणून गेले होते की ते राज्य केवळ फॅसिस्टांचं बाहुलं नव्हतं, तर जनतेच्या ऐतिहासिक आकांक्षेचाही आविष्कार होता. त्यातला ‘केवळ’ पाठ करून ठेवा, फार उपयोगी आहे. शिवाय बेलग्रेडचे सर्ब प्रचारक तेव्हा सरसकट सगळ्या क्रोएटांना उस्ताशा म्हणत होते. शिवी इतक्या वेळा ऐकली की माणूस तिचाच बिल्ला करून छातीवर लावतो.

आकड्यांचा वाद आला तर घाबरू नका. युगोस्लाव्हियाच्या काळात यासेनोवात्सचे बळी सात लाख सांगत, ते फुगवलेलं होतं. ते फुगवलेलं म्हणून हेही फुगवलेलं, असं बिनधास्त ठोकून द्या. फक्त ती यादी स्वतः उघडू नका. तीत माणसागणिक नाव, बापाचं नाव, जन्मसाल आहे, आणि १४ वर्षांखालची वीस हजारांवर मुलं आहेत. नावानिशी वाद घालणं जड जातं.

मुलाखतीत कोंडी झालीच, तर १८७६ पासून सुरू करा, तिथून थेट १९९१ वर या, मग उलट विचारा, ‘आणि लाल ताऱ्याचं काय?’ मे १९४५ मध्ये शरण आलेल्या पावेलिचच्या सैनिकांना लाल ताऱ्यावाल्या कम्युनिस्ट पार्टिझनांनी मारलं हे खरंच असल्यामुळे समोरचा उत्तर द्यायला लागतो. तो उत्तर देत असतानाच सर्बियानं २०१५ मध्ये सर्ब राष्ट्रवादी चेतनिकांच्या म्होरक्याची, द्राझा मिहाइलोविचची, शिक्षा रद्द केल्याचं काढा. तोवर कार्यक्रमाची वेळ संपलेली असते.