‘नो सिग्नल’ आलं की लगेच ग्राफिक्स जळलं म्हणणाऱ्यांसाठी

व्हॉट्सअ‍ॅपवर एक मेसेज फिरतोय, तुमच्याकडेही आला असेलच. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं: एचडीएमआय किंवा डीव्हीआय केबल लावल्यावर मॉनिटर ‘नो सिग्नल’ दाखवतोय आणि तोच मॉनिटर जुन्या व्हीजीए केबलवर चालतोय, म्हणजे मदरबोर्डवरची ग्राफिक्स चिप जळली. आधी ड्रायव्हर पॅक (ड्रायव्हर म्हणजे हार्डवेअर चालवणारं सॉफ्टवेअर, त्यांचा गठ्ठा) टाकून बघा, मग सोन्याचा मुलामा असलेली भारीतली केबल घ्या, लिनक्सवाल्यांनी नोमोडसेट (ग्राफिक्स ड्रायव्हरला कामाला लागू न देणारा, सुरू होतानाचा पर्याय) लिहा, आणि एवढं करून नाही झालं तर ग्राफिक्स कार्ड टाका, दुसरा इलाज नाही. खाली हात जोडलेले आणि ‘गरजूंपर्यंत पोचवा’.

आता यातला एकेक मुद्दा घेतो, पण त्याआधी एक प्रश्न, जो त्या मेसेजमध्ये कुठेच नाही आणि खरं तर सगळं त्यावरच आहे. स्क्रीन नेमकी कधी काळी होते? पीसी चालू केल्या केल्या मदरबोर्ड कंपनीचा लोगो येतो ना, तेव्हा विंडोजचा ड्रायव्हर अजून जागाही झालेला नसतो, ते चित्र बायोस, म्हणजे बोर्डातच बसवलेला सुरुवातीचा प्रोग्राम, काढत असतो. म्हणजे लोगो दिसला, खालचे गोल फिरणारे ठिपके दिसले आणि मग अंधार झाला, तर चिप, पोर्ट, मॉनिटर बहुतेक ठणठणीत आहेत, लोच्या ड्रायव्हरचा. आणि लोगोच दिसत नसेल तर शंभर वेळा ड्रायव्हर टाका, काडीचा फरक पडणार नाही, कारण प्रकरण ड्रायव्हरपर्यंत पोचलेलंच नाही. फक्त एक काळजी घ्या, काही मॉनिटर जागे व्हायलाच तीन-चार सेकंद घेतात आणि तोवर लोगो येऊन गेलेला असतो, म्हणून डिलीट किंवा एफ टू दाबत राहून सरळ बायोसमध्ये शिरा आणि तिथे स्क्रीन टिकते का बघा.

आता पहिला मुद्दा, व्हीजीएवर चालतं म्हणून चिप जळली. अहो, उलट आहे. व्हीजीएवर चित्र येतंय म्हणजे चित्र बनवणारा भाग जिवंत आहे! शिवाय ‘मदरबोर्डवरची चिप’ हे जी३१, जी४१ बोर्डांच्या जमान्यातलं बोलणं झालं, तेव्हा ग्राफिक्स चिपसेटमध्ये, म्हणजे बोर्डावरच्या वेगळ्या चिपमध्ये, असायचं. इंटेलच्या सॅन्डी ब्रिजपासून, म्हणजे २०११ पासून, ते प्रोसेसरच्याच आत आहे, ते खरंच जळलं असतं तर व्हीजीएवर तरी काय दिसलं असतं?

मग व्हीजीए चालतं आणि एचडीएमआय का नाही, तर डिजिटल केबलमध्ये आधी बोलणी होतात. एचडीएमआयला १९ पिना असतात, त्यातली १९ नंबरची पिन पीसीला सांगते की पलीकडे मॉनिटर आहे, १८ नंबरवरून पीसी ५ व्होल्ट देतो, आणि १५ व १६ नंबरच्या पिनांवरून मॉनिटरची माहिती वाचली जाते, कंपनी कोणती, कुठली रिझोल्यूशन चालतात वगैरे. या माहितीला ईडीआयडी म्हणतात, तिचा मूळ भाग फक्त १२८ बाइटचा असतो. ही बोलणी फिसकटली की ड्रायव्हर एकतर १०२४ बाय ७६८ वर जाऊन बसतो किंवा मॉनिटर नाहीच असं धरून गप्प राहतो. व्हीजीएवर मात्र माहिती मिळाली नाही तरी साधंसुधं चित्र सहसा येतं. बोलणी फिसकटायला फार मोठं कारण लागत नाही, मध्ये केव्हीएम स्विच (एकच मॉनिटर-कीबोर्ड दोन पीसींना वापरायचा डबा) असतो, कुठलातरी स्वस्त कन्व्हर्टर असतो, केबल अर्धवट बसलेली असते, किंवा पीसी चालू होताना मॉनिटर बंद असतो नाहीतर दुसऱ्याच इनपुटवर असतो. मॉनिटरचं बटण नाही, भिंतीवरचा स्विच बंद करा, पाचेक मिनिटं जाऊ द्या, केबल दोन्हीकडून काढून परत घट्ट बसवा, आधी मॉनिटर चालू करा आणि मग पीसी. आणि पीसी ‘शटडाउन’ केला म्हणजे पूर्ण बंद झाला असं समजू नका, विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप चालू असेल तर जुना ड्रायव्हर आहे त्या अवस्थेत झोपवून ठेवला जातो, म्हणून रीस्टार्ट करा किंवा शिफ्ट दाबून शटडाउन करा.

याहून साधी गोष्ट, आणि ही मी सर्रास बघतो. दोन्ही केबली एकदम लावलेल्या असतात आणि विंडोजने व्हीजीएलाच मुख्य स्क्रीन धरलेलं असतं. विंडोजची की आणि पी दाबा, ‘डुप्लिकेट’ निवडा, कितीतरी ‘जळलेल्या’ चिपा इथेच जिवंत होतात.

पोर्ट कधीच जात नाही असं मी म्हणत नाही. जातं. पण तेव्हा बायोसमध्येही काही दिसत नाही, आणि दुसरी केबल, दुसरा मॉनिटर, बोर्डावरचं दुसरं डिजिटल पोर्ट हे सगळं लावून बघितल्याशिवाय तसं म्हणता येत नाही.

दुसरा, ड्रायव्हर पॅक. हा प्रकार मला सगळ्यात डेंजर वाटतो. कुठून तरी उतरवलेला गठ्ठा, त्यात ड्रायव्हरसोबत अजून काय काय येतं देव जाणे. आधी डिव्हाइस मॅनेजर उघडा आणि डिस्प्ले अडॅप्टरखाली काय लिहिलंय वाचा. ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर’ असेल तर ग्राफिक्सचा खरा ड्रायव्हर चालूच नाहीये, दुसरा मॉनिटर आणि हवं ते रिझोल्यूशन मिळणार कुठून? इंटेल किंवा एएमडीचं नाव असेल तर ड्रायव्हर आहे, पण कालपर्यंत चालत होतं आणि अपडेटनंतर बंद पडलं असेल तर प्रॉपर्टीजमध्ये जाऊन ‘रोल बॅक’ करा, नवीन टाकायची घाई नको. नवीन लागलाच तर लॅपटॉप किंवा बोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून घ्या. इंटेलचा सर्वसाधारण ड्रायव्हर काही जुन्या लॅपटॉपवर ‘या संगणकासाठी तपासलेला नाही’ असं म्हणून बसायलाच नकार देतो, ते उगाच नाही. आणि टाकताना नेट बंद ठेवा, नाहीतर तुमचं चालू असतानाच विंडोज अपडेट मागच्या दाराने आपला ड्रायव्हर आणून बसवतं.

स्क्रीनच काळी असेल तर हे सगळं करायचं कसं? व्हीजीए आहे ना, ती लावा. तीही नसेल तर विंडोज सुरू होता होता पॉवर बटण दाबून दोन-तीनदा बंद पाडा, मग दुरुस्तीची स्क्रीन येते, त्यातून स्टार्टअप सेटिंग्जमध्ये जाऊन ३ दाबलं की कमी रिझोल्यूशन आणि ४ दाबलं की सेफ मोड. आणि चालू पीसीवर मध्येच अंधार झाला तर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी एकत्र दाबा, एक बीप येतो आणि ग्राफिक्स ड्रायव्हर नव्याने सुरू होतो.

तिसरा, सोन्याची केबल. मुलाम्याने टोकं गंजत नाहीत एवढंच, त्याने चित्र काही उजळत नाही. फुल एचडी ६० हर्ट्झला १४८.५ मेगाहर्ट्झचा पिक्सेल क्लॉक (चित्राचे ठिपके पाठवायचा वेग) लागतो, सिंगल लिंक डीव्हीआयची मर्यादा १६५, म्हणजे मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरची साधी पण धड केबल त्याला पुरते. फोर के ६० हवं असेल तर गोष्ट वेगळी, तिथे लांब आणि फालतू केबल दगा देते, लोगो दिसतो आणि रिझोल्यूशन वाढलं की स्क्रीन जाते, ‘लोगो दिसला तर लोच्या ड्रायव्हरचा’ या वरच्या माझ्या नियमाला हा अपवाद. पण पोर्टच एचडीएमआय १.४ चं असेल तर फोर के ३० वरच मिळणार, केबल हिऱ्याची आणा.

केबलीतली खरी गोची वेगळीकडे आहे. एका टोकाला डिस्प्लेपोर्ट आणि दुसऱ्याला एचडीएमआय अशी जी केबल मिळते ती एकाच दिशेने चालते, डिस्प्लेपोर्ट पीसीकडे. उलटी लावली की कायम ‘नो सिग्नल’. आणि एचडीएमआयमधून व्हीजीए काढायला मध्ये चिपवाला कन्व्हर्टर लागतो, नुसत्या तारा जोडलेली केबल कुणी विकत असेल तर ती त्याच्याच गळ्यात घाला.

टीव्ही मॉनिटर म्हणून लावलाय आणि कडा कापल्या जातायत, किंवा काळा रंग करडा दिसतोय, तर तो बिघाड नाही. टीव्हीत ‘जस्ट स्कॅन’ किंवा ‘स्क्रीन फिट’ शोधा आणि ग्राफिक्स सेटिंगमध्ये रंगाची रेंज लिमिटेडवरून फुल करा.

चौथा, नोमोडसेट. याने चित्र येतं हे खरं, पण येतं कारण इंटेलचा आय९१५ ड्रायव्हर कामालाच लागत नाही. मग एकच रिझोल्यूशन, दुसरा मॉनिटर नाही, व्हिडिओ लावला की प्रोसेसर तापतो. आत शिरायला वापरा, पण ग्रबमध्ये, म्हणजे लिनक्स सुरू करणाऱ्या प्रोग्राममध्ये, कायमचं लिहून ठेवू नका. नोमोडसेट काढून सुरू करा आणि सिस, क्लास, डीआरएम (/sys/class/drm) या फोल्डरात प्रत्येक पोर्टाच्या नावाने फोल्डर असतात ते बघा, त्यात स्टेटसची फाइल आहे, ईडीआयडीची आहे. मॉनिटर लावलेला असून स्टेटस ‘डिसकनेक्टेड’ असेल, किंवा ईडीआयडी रिकामी निघाली, तर परत वरची केबल-कन्व्हर्टरचीच भानगड.

राहिलं ग्राफिक्स कार्ड. ते खरंच लागतं अशी एक जागा आहे. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाशेवटी एफ आहे, उदाहरणार्थ आय५-९४००एफ, त्यात ग्राफिक्स चालूच नसतं, आणि एएमडीच्या डेस्कटॉप रायझन १००० ते ५००० मालिकांत ज्यांच्या नावात ‘जी’ (G) हे अक्षर नाही त्यांचंही तेच, बोर्डामागची पोर्टं तिथे शोभेची. सेकंडहँड सेट घेणारे यात हमखास फसतात. पण अशा पीसीवर व्हीजीएसुद्धा चालत नाही, म्हणजे मेसेजवाल्याने सांगितलेल्या लक्षणाला त्याचंच औषध लागू पडत नाही.

आणि कार्ड टाकलंच, तर बरेच बोर्ड ऑनबोर्ड ग्राफिक्स आपोआप बंद करतात. दोन्ही हवे असतील तर बायोसमध्ये ‘आयजीपीयू मल्टी-मॉनिटर’ किंवा तत्सम नावाचं सेटिंग चालू करावं लागतं. नको असेल तर केबल बोर्डाच्या पोर्टातून काढून कार्डाला लावा, नाहीतर नव्या कार्डावरही पहिली पाटी येणार ती ‘नो सिग्नल’चीच.