ताफ्यातले दाजी

कर्नाटक विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन जवळ आल्याची बातमी बेळगावात वर्तमानपत्राच्या आधी डांबराच्या वासाने कळते. हलग्याच्या सुवर्ण विधानसौधाकडे जाणारा रस्ता गुळगुळीत होतो आणि त्याला येऊन मिळणाऱ्या गल्लीतला खड्डा मात्र, मंत्रिमहोदयांची गाडी तिकडे वळणार नसल्यामुळे, आपले वय वाढवीत तसाच पडून राहतो. ११ ऑक्टोबर २०१२ रोजी राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते उद्घाटन झालेली ही भव्य वास्तू एरवी निवांत असते. अधिवेशनात तिला जाग आली की आम्हाला चन्नम्मा सर्कलला ताटकळत उभे राहावे लागते.

१ मे २०१७ पासून मंत्र्यांच्या गाड्यांवरचे लाल दिवे गेले, तेव्हा आता सारे समान झाले असे मला भाबडेपणाने वाटले होते. झाले ते उलटेच. पूर्वी दिवा पाहून नेमक्या गाडीला मान देता येत असे. आता कोणत्या पांढऱ्या गाडीत कोण बसले असेल याचा भरवसा नसल्याने शहाणा माणूस सगळ्याच पांढऱ्या गाड्यांना मान देतो.

या शहाणपणाचा लाभ गेल्या अधिवेशनात कोल्हापूरच्या आमच्या दाजींना झाला. माझ्या मुलीचा साखरपुडा होता. खडेबाजारातून घेतलेला कुंदा स्कूटरच्या पायाशी ठेवून मी कार्यालयाकडे निघालो होतो, तेवढ्यात हवालदारांनी शिट्टी फुंकून ‘स्वल्प तडीरी’, म्हणजे जरा थांबा, असे बजावले. यजमान मीच आहे, मुहूर्त टळेल, असे मी मराठीत, कानडीत आणि शेवटी केविलवाण्या चेहऱ्याने सांगून पाहिले. ताफा गेला. त्याच्या शेपटाला एक पांढरी इनोव्हा होती. हवालदारांनी तिलाही कडक सॅल्यूट ठोकला, आणि मागच्या काचेतून आमच्या दाजींनी तो, जन्मभर सवय असल्यासारखा, किंचित मान हलवून स्वीकारला. मला त्यांनी पाहिले की नाही, याबद्दल आमच्या घरात अद्याप मतभेद आहेत.

वास्तविक मोठेपणालाही हद्द असते. टोलमाफीच्या नियमानुसार आमदारांना सवलत मिळते ती आपापल्या राज्यापुरती आणि ओळखपत्र दाखवल्यावर. म्हणजे दूधगंगा ओलांडून कर्नाटकातल्या कोगनोळीच्या नाक्यावर आलेल्या महाराष्ट्रातील आमदारालाही रीतसर टोल भरावा लागतो. जावयाच्या मोठेपणाला मात्र राज्याची सीमा लागू नाही. तो मुळातच दशमग्रह. त्यात आता सरकारी सॅल्यूटची भर पडलेली. मी घामाघूम होऊन कार्यालयात पोहोचलो, तेव्हा दाजींचा फेटा बांधून झाला होता, पहिल्या पंगतीत त्यांच्या पानाभोवती रांगोळी होती आणि ‘वाहतुकीचा अंदाज घेऊन निघावे माणसाने’ हा उपदेश ते माझ्याच व्याह्यांना करीत होते.

यंदा लग्नाचा मुहूर्तही नेमका अधिवेशनातच निघाला आहे. वऱ्हाडाची बस अडकू नये म्हणून तिच्यापुढे इनोव्हा घेऊन चालावे, अशी मी दाजींना हात जोडून विनंती केली. त्यांनी होकार कळवला आहे. फक्त मागच्या सीटवर ते एकटेच बसणार असून दार उघडायला कोणीतरी हवे, अशी अट आहे. तूर्त त्या कामासाठी माझेच नाव पुढे आले आहे.